अर्धा पाण्याचा, अर्धा मातीचा टँक: धबधब्याच्या काठाला काय लावू?

निवळी, पुणे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलाचा जुना फिशटँक तीन वर्षं गॅलरीत पालथा पडून होता. 36 इंच लांब, 15 रुंद, 18 उंच. घर बदलताना मागच्या काचेला वरच्या कोपऱ्यातून चार इंचांचा तडा गेला, त्यामुळे काठोकाठ भरायचा प्रश्नच नव्हता. भंगारवाला दीडशे रुपये देत होता. दीडशे रुपयांत द्यायला मन होईना. मग ठरवलं, निम्म्यात माती, निम्म्यात पाणी, मधे लहानसा धबधबा. पॅलुडेरियम की काय म्हणतात ते.

डावीकडे मातीचा चढ केलाय, उजवीकडे सहा इंच पाणी. मागे दगड रचून फटींतून पाणी सोडलंय, तळाशी ताशी 500 लिटरचा पंप. वर साधी एलईडी पट्टी, दिवसाचे आठ तास. प्राणी अजून एकही नाही. झाडं दोन ठिकाणांहून आणली. नर्सरीतून पीस लिली, मनी प्लांट, लकी बांबू, एक नाजूक फर्न आणि 'ब्राह्मी' म्हणून दिलेली गोल पानांची वेल. मत्स्यालयाच्या दुकानातून अनुबियास, जावा मॉस आणि तांबूस पानांची एक क्रिप्टोकोरिन.

पाच आठवड्यांनंतर परिस्थिती अशी. लकी बांबू बुडापासून पिवळा पडला, धरून ओढला तर साल हातात आली, आणि वास असा की ह्यांनी गॅस गळतोय समजून सिलिंडर बंद केला. अनुबियास मी पाण्याखालच्या रेतीत नीट रोवला होता, त्याची पानं एकेक करून सुटून वर तरंगायला लागली. क्रिप्टोकोरिनचा तर चौथ्या दिवशी उकडलेल्या पालकासारखा लगदा झाला. मॉस धबधब्याच्या सगळ्यात वरच्या दगडावर चिकटवलं, ते चहाच्या चोथ्यासारखं दिसतंय. फर्नला ओल आवडते म्हणून त्याला पाण्याच्या पायथ्याशीच बसवलं, तो मधोमध कुजला. ब्राह्मी मात्र माजलीय. मनी प्लांटचं काय, तो चंद्रावरही वाढेल.

मातीला मी थेंबभर पाणी घालत नाही, तरी चढ वरपर्यंत चिखल झालाय. आणि काल पंपामागच्या कोपऱ्यात डासांच्या अळ्या दिसल्या! महापालिकेची माणसं सोसायटीत घरोघर साठलेलं पाणी तपासत फिरताहेत. त्यांनी पाहिलं तर दंड तर दंड, वर शेजाऱ्यांत शोभा.

तर पाण्यात पाय सोडून उभी राहतील अशी झाडं कोणती? ओल्या दगडांवर काय टिकेल? पाण्याच्या आत काय लावू? दुकानदाराला काहीही दाखवलं तरी तो "पाण्यातलंच आहे ताई, बिनधास्त घ्या" म्हणतो. आणि अजून एक. पावसाळ्यात ताम्हिणीला जाणं होईल. तिथल्या कातळावरची चार रोपं आणली तर जगतील का?


मी_आपला_असाच, नाशिक

मनी प्लांट. विषय संपला.

(सिलिंडरचा किस्सा भारी.)


पाटावरचा, चिपळूण

निवळीताई, आधी तड्याचं बघा, झाडांचं नंतर. तडा गेलेली काच आज चार इंचांवर थांबलीय म्हणून उद्या थांबेलच असं नाही. आतून आणि बाहेरून काचेची एकेक पट्टी सिलिकॉनने चिकटवून घ्या. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशी न धरणारं सिलिकॉन नको, त्यात औषध असतं. साधं, मत्स्यालयाला चालणारं घ्या आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ भरला तर 160 लिटरच्या आसपास जातो. सहा इंचांना 53 लिटर, दगड वजा जाता चाळीसेक धरा. तेवढंही पाणी दिवाणखान्यात सांडलं तर काय होतं ते मी पाहिलंय. त्यावर आमच्याकडे अजून बोललं जातं.

आता झाडं. तुमच्या निवडीत फारशी चूक नाही, जागा चुकल्यात. माझे पहिले दोन टँक असेच गेले. आमच्या मागच्या वाडीत सुपारीला पाणी द्यायचा पाट आहे. तिसरा टँक लावण्याआधी एका रविवारी त्या पाटाच्या कडेला फूटपट्टी घेऊन बसलो. बायकोने काय समजायचं ते समजून घेतलं. पाट जेमतेम हातभर रुंद, पण तेवढ्यातही झाडांनी जागा वाटून घेतल्या होत्या. अळू चिखलात, देठांच्या बुडाशी पाणी. बारीक जाड पानांची जलब्राह्मी काठावरून उतरून पाण्याखालून तशीच पुढे गेलेली. पाण्याचे शिंतोडे उडतात त्या जांभ्याच्या चिऱ्यांवर मॉस. आणि त्याच्याही वर, जिथे पाणी कधी लागत नाही पण चिरा आतून ओला असतो, तिथे हंसराज. हंसराजाचं एकही रोप पाण्याच्या रेषेपासून चार बोटांच्या आत नव्हतं. तुमचा फर्न त्याच जातकुळीतला असेल आणि तुम्ही त्याला थेट आंघोळीला बसवलंत.

तेव्हापासून झाड घेताना मी एकच गोष्ट बघतो, त्याची मान. मूळ संपून खोड किंवा पानांचा झुबका सुरू होतो ती जागा. काहींची मान बुडालेली चालते, काहींना मुळं पाण्यात हवीत पण मान कोरडी हवी, आणि काहींना फक्त ओलसर हवा पुरते. 'पाण्यातलं झाड' हा दुकानदाराचा शब्द झाला, त्याने तुमचं काम भागत नाही.

पीस लिली, सिंगोनियम आणि मनी प्लांट मान कोरडी ठेवणारे. पीस लिली कुंडीतून काढा, मुळं नळाखाली धरून मातीचा कण राहणार नाही इतकी धुवा आणि दगडांच्या फटीत अशी बसवा की मुळं पाण्यात लोंबतील आणि झुबका पाण्यापासून दोन बोटं वर राहील. पहिले पंधरा दिवस खालची एकदोन पानं पिवळी पडतात, घाबरू नका. लकी बांबूही खरं तर याच गटातला. तो बांबू नाहीच, ड्रासिना आहे, आफ्रिकेतला. मुळं बुडाली तर राहतो, अख्खी कांडी बुडवली की कुजतो. तुम्ही तो कुठे लावला होता ते लिहिलं नाहीये, पण वासावरून कळलं.

अनुबियास आणि जावा फर्न हे मान बुडाली तरी आणि उघडी राहिली तरी खूश. अट एवढीच की खोड पुरायचं नाही. अनुबियासचं खोड आल्यासारखं आडवं असतं. आलं मातीत पुरतात म्हणून आपण यालाही पुरतो आणि तिथेच घात होतो. रेतीखाली ते सडतं, मग पानं सुटतात. दगडाला शिवणाच्या दोऱ्याने बांधा, दोनेक महिन्यांत मुळं दगड धरतात. निम्मं पाण्यात निम्मं बाहेर असं बांधलं तर धबधब्याच्या पायथ्याला याच्यासारखं दुसरं झाड नाही. वाढतं मात्र बैलगाडीच्या वेगाने. माझ्याकडे 'नाना' नावाच्या बुटक्या जातीचा एक सहा वर्षांचा आहे, तळहाताएवढा झालाय.

क्रिप्टोकोरिन मेली असं समजून टाकली नसाल तर टाकू नका. ही झाडं विकण्यासाठी बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं हवेतली. तुम्ही ती पाण्यात घातलीत, तिने जुनी पानं सोडून दिली. मुळं जिवंत असतील तर तीनचार आठवड्यांत पाण्यातली नवी पानं येतात, दिसायला वेगळी, जरा लांबट. फक्त तिला पुन्हापुन्हा उपटून बघू नका. (मी बघायचो.) उलट बाजूनेही हेच होतं. पाण्याखाली वाढलेल्या पानाला कोरड्या हवेसाठी लागतं तसं मेणाचं जाड आवरण नसतं. मी हायग्रोफिलाच्या पाण्यातल्या फांद्या थेट काठावर खोचल्या, सकाळी खोचल्या आणि दुपारच्या चहापर्यंत त्या दोऱ्यासारख्या झाल्या. आता तसं करायचं असेल तर त्या भागावर प्लॅस्टिक झाकतो आणि दोनतीन आठवडे रोज थोडं थोडं उघडतो.

मॉस वरच्या दगडावर जळलं कारण पाणी फटींतून जातंय, दगडाच्या अंगावरून नाही. पंपाच्या खोक्यावरचे 500 लिटर हे पाणी वर न चढवतानाचे असतात. फूटभर चढवलं की निम्म्यावर आलं तरी नवल नाही. पाणी एका धारेने सोडण्यापेक्षा नळीला बारीक भोकं पाडून मागच्या भिंतीवर पाझरवा. आणि जमलं तर तुमचे गुळगुळीत दगड काढून जांभा लावा. सच्छिद्र असतो, पाणी स्वतःच वर शोषतो, मॉस त्यावर न चिकटवता धरतं. पण आधी आठवडाभर बादलीत भिजवून रोज पाणी बदला, नाहीतर सगळा टँक गेरूचा होईल.

चिखलाचं कारणही हेच शोषणं आहे. तुमची माती कुठेतरी पाण्याला टेकलीय. समईची वात तेल चढवते तशी ती माती पाणी वर ओढतेय. चढ एकदा उपसावा लागेल, इलाज नाही. खाली ट्यूबलाइटच्या चौकटीची प्लॅस्टिक जाळी उभ्या नळीच्या तुकड्यांवर ठेवा, त्यावर शेडनेट, मग माती. पाण्याच्या रेषेपासून माती दोन इंच वर राहिली पाहिजे आणि कडेने एकही ढेकूळ पाण्यात उतरता कामा नये. नर्सरीतली शेणखताची माती वापरली असेल तर तीही बदला, नाहीतर खत झिरपून पाणी हिरवं होणारच.

मुख्य गोष्ट राहिली. काचेवर मार्करने आजची पाण्याची रेष आखा आणि आठवडाभर वर भरू नका. रेष किती खाली जाते ते कळल्याशिवाय काठाचं एकही झाड पक्कं करू नका. मान कुठे येणार हे त्या दोन रेषांमध्ये ठरतं.


दुर्वांकुर, कोल्हापूर

पाटावरचे काका, 'मान' आवडली. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून थोडी भर घालते.

निवळी, तुमची ब्राह्मी बहुधा ब्राह्मी नाही. आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना सर्रास हेच नाव देतात. एक जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपा. पानं बारीक, जाडसर, चमच्याच्या आकाराची, समोरासमोर दोन, फूल पांढरट जांभळं. पाण्याखाली आणि पाण्याबाहेर दोन्हीकडे वाढते. काकांच्या पाटात आहे ती हीच. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला. पान गोल, मूत्रपिंडासारखं, कडेला बारीक दाते, जमिनीवरून धावत जाणारी. नर्सऱ्यांत ब्राह्मी मागितली की बऱ्याचदा हीच देतात, आणि तुम्ही गोल पानं लिहिलंयत. हिला ओलं पाऊल आवडतं पण ती फार काळ बुडून राहत नाही. काठावर ठेवा, पाण्यात ढकलू नका. आणि दर पंधरा दिवसांनी कापा, नाहीतर बाकी सगळ्यांना झाकून टाकेल. कापलेलं चटणीत घाला, अर्थात नर्सरीतली औषधफवारणी उतरल्यानंतर आलेली नवीन पानंच.

कुणी वेखंड सुचवण्याआधी सांगते, आपलं बाळंतघरातलं वेखंड दलदलीतलंच झाड आहे, पण दोनतीन फूट होतं. 18 इंचांच्या टँकमध्ये ते छताला डोकं लावून उभं राहील. त्याचा बुटका भाऊ ॲकोरस ग्रामिनियस मिळाला तर घ्या, काठाला गवतासारखा सुंदर दिसतो. बुडवून लावला तर मात्र हळूहळू झुरतो. अळूचंही तसंच, उंची झेपणार नाही.

अळू, पीस लिली, मनी प्लांट, अनुबियास, क्रिप्टोकोरिन हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळू चिरताना हात खाजतात, तेच. छाटणी केल्यावर हात धुवा आणि घरात रांगतं मूल असेल तर पानं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

ताम्हिणीबद्दल: आणू नका. त्या भागात अभयारण्य आहे, तिथून रोप उपटणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कास पठाराबद्दल तर बोलायलाच नको, 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती रोपं तुमच्याकडे जगणार नाहीत. कातळावरची सीतेची आसवं, गेंद ही पावसाच्या चार महिन्यांची पाहुणी. अन्नद्रव्यं जवळपास नसलेल्या, सतत झिरपणाऱ्या पाण्यात वाढतात. सीतेची आसवं तर मुळाशी असलेल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. तुमच्या टँकमध्ये पाणी तेच तेच फिरतंय, वर मातीचं खत. ऑक्टोबरात ती तशीही बी टाकून वाळतात. तिथे जा, गुडघे टेकून बघा, फोटो काढा.

सह्याद्रीतलं काही हवंच असेल तर क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस विचारा. पश्चिम घाटातल्या नद्यांच्या पात्रात दगडगोट्यांत वाढते, लांब गवतासारखी पानं. पावसाळाभर पाण्याखाली, पाणी उतरलं की उघड्यावर. पाणी वरखाली होणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. वाढवून विकणाऱ्याकडूनच घ्या.


झिंगाबाई, डोंबिवली

माझा अनुभव फक्त कोळंब्यांपुरता. पुढेमागे चेरी श्रिंप सोडायचा विचार असेल तर नर्सरीची झाडं आजच वेगळी काढा. मी एक सुंदर सिंगोनियम आणलं, वरवर धुतलं आणि लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसपैकी सहा कोळंब्या चालत होत्या. नर्सरीत काय फवारलं होतं देव जाणे, पण तांब्याचं बुरशीनाशक असलं तर कोळंबीचं काम तमाम. आता कुठलंही नर्सरीचं झाड महिनाभर बादलीत, पाणी दर तीन दिवसांनी बदलून. एसीचं पाणी फुकट मिळतं म्हणून भरू नका, कॉइलमध्ये तांबं असतं.

अळ्यांसाठी चारपाच गप्पी मासे सोडा, आजच. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात, म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे. आणि काकांनी सांगितलेली जाळी बसवाल तेव्हा खाली गप्पीला शिरता येईल एवढी फट ठेवा. माझ्याकडे जाळीखालीच डासांचं पाळणाघर झालं होतं, बाहेर मासे पोट भरून झोपलेले.


निवळी, पुणे

सगळ्यांचे खूप आभार. नऊ दिवसांनी येतेय, कारण खरोखर रेष आखून थांबले.

सात दिवसांत पाणी पावणेदोन इंच उतरलं! म्हणजे माझी पीस लिली सोमवारी गळ्यापर्यंत बुडालेली आणि रविवारी मुळं हवेत, असं चाललं होतं. आता ती पाण्यापासून बोटभर वर बसवलीय आणि मुळं सुटी करून खाली लांब सोडलीत. लकी बांबू, हो काका, अख्खा बुडवला होता. दिसायला छान दिसत होता हो.

वेल मंडूकपर्णीच निघाली. नवऱ्याने महिनाभर 'ब्राह्मीचं पान' म्हणून रोज एक चावून खाल्लंय, स्मरणशक्तीसाठी. त्याला अजून सांगितलेलं नाही.

माती उपसली, एक सबंध रविवार गेला. तुम्ही म्हणालात तेच, मागच्या कोपऱ्यात मातीची जीभ थेट पाण्यात उतरली होती. गप्पी सोडलेत, पाच. अळ्या दुसऱ्या दिवशी गायब. काचेच्या पट्ट्या लावून घेतल्या, काचवाल्याने तीनशे घेतले, म्हणजे भंगाराच्या भावाच्या दुप्पट.

दोन शंका राहिल्यात. आमच्याकडे निम्मा आठवडा बोअरचं पाणी येतं. धबधब्याच्या दगडांवर आत्ताच पांढरी साय दिसायला लागलीय. हंसराज मरेल का त्याने? आणि अनुबियासचं पानं गेलेलं खोड रेतीतून काढलंय, करंगळीएवढा तुकडा. टाकू की ठेवू?


पाटावरचा, चिपळूण

पांढरी साय म्हणजे क्षार. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. तुम्ही वरून पुन्हा बोअरचं भरता, म्हणजे दर आठवड्याला नवी भर. वर भरायला स्वयंपाकघरातल्या आरओचं किंवा गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी घ्या, आणि पंधरा दिवसांनी पाचसात लिटर काढून टाकत जा. हंसराजाची काळजी नको. त्याच्या काही जाती तर चुनखडीच्या पाझरावरच सुखात असतात. त्याला मारतं ते मुळांचं कोरडं पडणं, किंवा मान भिजणं. मॉस मात्र सायीखाली गुदमरतं, तिथे जुना दात घासायचा ब्रश फिरवा.

अनुबियासचा तुकडा अंगठ्याने दाबून बघा. दबला आणि वास आला तर कंपोस्टमध्ये. कडक असेल तर मऊ टोक ब्लेडने कापून टाका, आतला भाग हिरवट पांढरा दिसेपर्यंत. मग दोऱ्याने दगडाला, पाण्याच्या खालच्या रेषेला.


निवळी, पुणे

एक टोक दबलं, ते कापलं. उरला दीड इंच, कडक आहे. गुलाबी दोरा होता घरात, त्यानेच बांधलाय. साडीच्या फॉलचा.